कुंडी क्रमांक एकोणीस

बत्तीस वर्षं या कॉलेजच्या गच्चीवर मी पाणी घालतोय.
यंदा पहिल्यांदाच कुणीतरी
पाणी न घालण्याचं काम दिलं.

शेफाली घरत, एमएस्सी भाग दोन,
उरणहून लाँचने भाऊच्या धक्क्याला,
तिथून बसने माटुंग्याला.
म्हणाली, मोतीरामकाका, मुगाच्या छत्तीस कुंड्या, चार रांगा.
पहिलीला रोज पाणी.
दुसरीचं तोडायचं पानांच्या दिवसांत,
तिसरीचं फुलांच्या,
चौथीचं दाणा भरताना.
फक्त नऊ दिवस. मग पुन्हा सगळ्यांना सारखं.

नऊ दिवसांचं काय एवढं!
आमच्या चाळीची मोटर जळली तेव्हा अकरा काढले.
नंतर पिंपं भरली आणि विसरलो.

दुसऱ्या रांगेनेही तेच केलं.
मान टाकली, पाणी मिळताच उचलली,
उलट मुळं खोल गेली, कुंडीच्या बुडाला भिडली.
मी म्हटलं, बघ, आपल्यासारखीच.
शेफाली काही बोलली नाही.

तिसऱ्या रांगेला फुलं आली त्या सकाळी
तिने कठड्यावर खडूने एक रेघ मारली.
मग दुसरी. तिसरी.
टाकी भरून वाहत होती,
कबुतरं त्या पाण्यात अंघोळी करत होती,
आणि मी झारी घेऊन तिसऱ्या रांगेला वळसा घालायचो,
उधारी थकलेल्या माणसाने
वाण्याचं दुकान टाळावं तसा.

पाचव्या दिवशी फुलं गळली.
कुंड्यांखाली पिवळं पिवळं,
पुडीतून शेव सांडावी इतकं साधं.

सातव्या रात्री मी वर गेलो.
एकोणीसला अर्धा मग घातला.
माती बुडबुडली, गप्प झाली.
उतरताना पायऱ्या मोजल्या. का, ठाऊक नाही.

दहाव्या दिवशी पाणी सुरू.
आठवड्यात पानं अशी ताठ
की रांग कुठली कोणती, पाटी वाचल्याशिवाय कळेना.
प्राचार्य आले, हिरवळीत उभं राहून फोटो काढून गेले.

मग शेंगा सोलायला बसलो, जुन्या पेपरवर.
पहिल्या रांगेच्या गच्च. अकरा दाणे, बारा.
चौथीचे मोजायला पुरे, पण सुरकुतलेले,
शंभर टाकले तरी काट्याला फारसं जाणवेना.
तिसरीच्या शेंगा मुळात थोड्या,
आणि अंगठा फिरवला की
दाणा, दाणा, खळगा,
दाणा, खळगा, खळगा.
शेंगेने जागा धरून ठेवली होती,
रुमाल टाकून धरतात तशी.
कुणी आलं नाही.

एकोणीसचं पाकीट मी मुद्दाम शेवटी उघडलं.
दाणा, दाणा, खळगा.
फुलं पाचव्यालाच गेली होती.
मी सातव्याला गेलो.

सांगून टाकलं तिला.
तिने वही ओढली,
एकोणीसवर आडवी रेघ मारली,
समासात लिहिलं : वगळली, पाणी पडले.
पडले, लिहिलं.
घातले नाही.

पाकीट माझ्या खिशात सरकवलं.
घरी यमुनेने ताटलीत ओतून मोजले, सव्वीस.
एवढ्याशाचं काय करू, म्हणाली.

मी म्हटलं, भिजत घाल.