काळी तीन

बाप पियानो लावायचा, हेलेनापासून मारियानापर्यंत.
चर्च, जुगाराचे अड्डे,
एका गोऱ्या डॉक्टरीणबाईंचा दिवाणखाना, मागच्या दाराने.
ओझेला पियानोखाली बसायची.
मी धाकटा; कंदील धरायला.

तार तुटलेली असली की बाप थांबे,
नुसतं म्हणे, "पोरी, दे."
आणि ती द्यायची.
सहा वर्षांच्या गळ्यावर कान ठेवून
तो शेजारच्या तारा पिळत राही.

खर्ज तिला कुठून मिळाला ते मला ठाऊक आहे.
आई लाँड्रीत इस्त्रीच्या यंत्रावर होती.
दिवसभराची घरघर अंगात घेऊन यायची,
आणि ओझेला तिच्या पाठीला कान लावून निजायची.
वरचे सूर मात्र कोणाचे, कळत नाही.
मी म्हणतो, नदीवरच्या बोटींच्या भोंग्यांचे.
बाप म्हणे, छे,
माझ्या बहिणी भांडताना ऐकल्या नाहीस तू.

माउंट पिसगा चर्चात मधली काळी तीन मुकी होती.
पुरात तिची हातोडी कुजली.
नवीला सहा डॉलर, देणगीच्या ताटात तीन.
पुढच्या वर्षी, बाप म्हणाला. दरवर्षी म्हणाला.
मग मंडळी शिकली:
तो सूर आला की गायचं नाही,
श्वास घ्यायचा.
पन्नास माणसं, एक श्वास,
बाकांची लाकडंसुद्धा फुगल्यासारखी.

मेम्फिसच्या स्टुडिओत काचेपलीकडचा माणूस
बोटांवर मोजत होता.
"साडेचार सप्तकं, बाई!
आणि बरोबर मधोमध हे भोक कसलं? लागत नाही का?"
ओझेलाने लावून दाखवला. स्वच्छ, बिनकाठाचा.
मग म्हणाली, "लागतो. पण तिथे आमची माणसं उभी असतात."
त्याला वाटलं, ही शैली.
पुढे पुष्कळांनी उचलली ती शैली.
त्यांच्या गाण्यात तिथे नुसतंच गप्प असतं.

बापाला पुरलं त्या दिवशी वारा होता,
पियानो नव्हता.
ओझेला गाता गाता त्या जागी आली,
आम्ही सवयीने छाती भरून घेतली,
आणि माझ्या तोंडून निघून गेलं,
"पोरी, दे."
थोरल्या बहिणीला. एकसष्टाव्या वर्षी.

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.
दिला.
एक सप्तक खाली, आईच्या पाठीतून,
मातीला ऐकू जाईल एवढाच.

माझा हात तेवढा उगाच वर झालेला होता,
कंदील धरल्यासारखा.