शेगडीवरून उडी

तेक्ल्याबाईंनी सकाळीच उंबऱ्यावर नेटल पसरलं,
हातमोजे न घालता.
बिंगलीत, जिथे दूध प्लास्टिकच्या कॅनमधून येतं,
तिथेही आज रात्री चेटकीण दूध आटवते म्हणाल्या
आणि माझ्याही दाराला दोन देठ खोचून गेल्या.
किल्ली लावताना चुकून हात लागला.
बोटं संध्याकाळपर्यंत चुणचुणत होती.

इंग्रजांचा मध्यउन्हाळा होऊन तेरा दिवस झालेले.
ह्यांचं कॅलेंडर मागून येतं,
ह्यांच्या गुडघ्यांसारखं.

माणसं नऊ. कॅनॉलकाठी आग करायला बंदी,
म्हणून मिखासनं फॉइलची शेगडी आणली,
साडेचार पौंडांची, एकदा वापरून टाकायची.
तिच्यावरून उड्या.
हात सुटला तर जोडी फुटते म्हणे.
पन्नास वर्षं संसार केलेल्या दोघांनी
एकमेकांची मनगटं गच्च धरली
आणि उडी अशी नाहीच,
पाऊल उचलून पलीकडे ठेवलं
आधी एक, मग बऱ्याच वेळानं दुसरं.
टाळ्या मात्र पडल्या.

रानफुलांची कडी पाण्यात सोडली, मधोमध मेणबत्ती.
वाहत गेलं तर तिकडचा नवरा,
बुडालं तर मरण.
पण कॅनॉल वाहत नाही.
जागीच राहिलं तर काय,
हे कुणालाच आठवेना.

बारा वाजता नेच्याचं फूल शोधायला निघालो.
मी म्हणालो, नेच्याला फूल येत नाही,
पानामागे बीजाणूंचे ठिपके असतात,
चिपळूणच्या शाळेत आकृती काढलीय.
तेक्ल्याबाई म्हणाल्या,
"माहीत आहे. स्लोनीमला पस्तीस वर्षं
हेच शिकवलं मी. आता वाक, टॉर्च खाली धर."

वाकलो.
ओल्या पानांत चिप्सचं रिकामं पाकीट चमकलं,
नऊजण एकदम थांबले.

परतताना सांगितलं, आमच्याकडेही आहे एक,
उंबराचं. कुणाला दिसत नाही.
जो माणूस फिरकतच नाही
त्याला आम्ही उंबराचं फूल म्हणतो.
त्या थोडं चालल्या.
"तुला म्हणतात?"

पहाटे सूर्य नाचतो, तो बघायला थांबलो.
चाळीस मिनिटं नुसते ढग,
गिरणीच्या धुराड्यामागे जरासं पिवळं.
तेक्ल्याबाई मान हलवत होत्या, ठेका धरल्यासारखी.
खाली लॉकच्या दारापाशी
एक कडं अजून तिथंच होतं,
आणि एक बदक त्यातली डेझी
निवडून निवडून खात होतं.