तीन रुपयांचा मेसेज

त्या साली देगलुरात नळाला नवव्या दिवशी पाणी यायचं
आणि टीव्हीवर दर शुक्रवारी वर्षाराणी.

वर्षाराणी उल्लेवाड, कोड शून्य सात.
बाप नगरपालिकेत व्हॉल्व्हमन,
लोखंडी चावी खांद्यावर टाकून सायकलवर फिरायचा.
वरच्या गल्लीनं म्हणे सहाशे मतं टाकली
नि त्यांचं पाणी आठव्याच दिवशी आलं.
लोक काहीही म्हणायचे.

माझं दुकान बसस्टँडसमोर.
शटर वर केलं की रिचार्जची रांग.
शिंपी, हॉटेलवाले, डी.एड.ची पोरं,
आंध्रातून मिरची घेऊन आलेला एक म्हातारा,
ज्याला ती कोण तेच माहीत नव्हतं,
रांग दिसली म्हणून उभा राहिलेला.
"आमच्या पोरीलाच टाकूलालाव ना, शेठ?"
"हाव," म्हणायचो.
शंभरामागे अडीच रुपये सुटायचे मला.

सांगायचं राहिलं, मीही गेलो होतो चाचणीला.
औरंगाबादला, एका शाळेच्या मैदानात,
छातीवर दोन हजार एकशे चौदा.
पहाटे रांगेत, दुपारी चारला आत,
मुखडा संपायच्या आधीच बाई म्हणाल्या, थँक्यू.
अकरा सेकंद. नंतर घड्याळ लावून मोजलेत.
दाराबाहेर ही उभी, चपला हातात.
"कसं झालं, दादा?"
म्हणालो, "माईकपासून वीतभर लांब राहा."

मग टीव्हीवाले गावात आले.
बापाला चावी घेऊन सहा वेळा चालायला लावलं.
ती सांगत होती,
घागर भरत आली की तिचा आवाज चढतो,
मी लहानपणी तिच्याबरोबर चढायचे,
काठाला आली की थांबायचे, तोच माझा सा.
हे त्यांनी कापलं.
बापाचं रडणं ठेवलं.

सातजण उरले त्या शुक्रवारी लाईट नव्हती.
मार्केट यार्डात जनरेटर, पडदा, हजारभर माणसं.
अंतऱ्यात वरचा सा तिला लागला नाही.
केसभर खाली राहिला.
शिट्ट्या पडल्या. परीक्षक उभे राहिले.
फक्त तिनं माईककडे असं पाहिलं,
मध्येच गेलेल्या नळाकडे
बायका पाहतात तसं.

तिच्यानंतर सावंतवाडीचा एक अवघडलेला पोरगा,
सदऱ्याची इस्त्रीही धड नव्हती.
तो गायला
आणि जनरेटरचा आवाज मला ऐकू येईना.

दुकानात आलो. शटर आतून ओढलं.
मोबाईलच्या उजेडात टाईप केलं,
कोड शून्य तीन.
तीन रुपये गेले. कमिशन नाही.

पुढच्या शुक्रवारी ती बाहेर पडली.
किती मतांनी, हे टीव्हीवाले सांगत नाहीत.

त्या रात्री दीड वाजता
गावातले सगळे नळ एकदम सुटले.
वार नसताना, कुणाचीही गल्ली असो.
सगळीकडं सोडलं म्हणून धार करंगळीएवढीच,
पण बायका उठल्या, हंडे लागले,
आणि अंधारात गावभर
हळूहळू चढत गेलेला तो आवाज
मी अंथरुणात पडून ऐकला.
सकाळी नगरपालिकेनं बापाला मेमो दिला.

आता ती मुखेडकडं एका आश्रमशाळेत शिकवते.
परवा आली होती दुकानात, स्क्रीनगार्ड बसवायला.
मी काच चिकटवत होतो.
ती रस्त्याकडं बघत म्हणाली,
"त्या रात्री माझा सा लागला नव्हता, दादा.
एवढं गाव, कुणाला कळलं नाही.
कुणाला तरी कळायला पाहिजे होतं."

काचेखाली एक बुडबुडा राहिला होता.
जुन्या सिमकार्डाच्या कडेनं
मी तो काठाकडं ढकलत राहिलो.