डावीकडचं बूच

आधी चालू कर. हो, बंद करायचंय म्हणूनच चालू कर.
गार ऑइल मळ सोडत नाही, इल्मो,
तळाशी धरून बसतं.
वीस मिनिटं फिरू दे,
हात ठेवला की चटका बसला पाहिजे,
मग उपस.
काळं येईल. उन्हाळा आहे तो.
युहान्नुसच्या रात्रीचे पाहुणे, पोरांना बेटावर सोडणं-आणणं,
सगळं त्यात जळलंय.
डब्यात भर, झाकण लाव,
सायमाच्या पाण्यावर एक थेंब दिसता कामा नये.

आता खालचा कॉक बंद.
पाण्याचं असं आहे बघ,
थंडीत सगळं आक्रसतं,
मी आक्रसतो, दिवस आक्रसतो, माझी पेन्शनसुद्धा,
आणि हे एकटंच फुगतं.
कपभर आत राहिलं तरी
बिडाचा ठोकळा वाळल्या पावासारखा मोडतं.

बुचं चार. दोन ठोकळ्याला, दोन एक्झॉस्टला.
उजवीकडचं उघड.
आलं? भळाभळा? छान.
आता डावीकडचं.
तिथे हात पोचत नाही, गाल इंजिनाला टेकवावा लागतो.
टेकव.
काय आलं?

काहीच नाही म्हणतोस.

मीही म्हणालो होतो.
अकरा वर्षांपूर्वी, ह्याच धक्क्यावर, ह्याच बोटीत,
असाच गाल टेकवून.
काही आलं नाही म्हणजे रिकामं आहे
असं ठरवून बूच परत फिरवलं, हात पुसले,
तूरेकडून चाळीस युरो घेतले
आणि त्याच्या स्वयंपाकघरात कॉफी प्यायलो.
दोन कप.

मे महिन्यात ठोकळ्याला चीर.
करंगळीएवढी लांब, बारीक,
वाटावं केस पडलाय, फुंकर मारली की उडेल.
तूरे वाकला, तिच्यावरून नख फिरवलं,
एकदा, मग उलट्या दिशेनं.
म्हणाला, "कडक हिवाळा होता."
बस.
नव्या इंजिनाचं बिल त्यानंच भरलं.
मी अर्धे पैसे घेऊन गेलो
तर हातात मासे देऊन परत पाठवलं.

अकरा वर्षं.
सौना एकत्र, बर्फातली भोकं एकत्र,
त्याच्या हेल्वीला खांदा दिला मी,
माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला
दवाखान्यापर्यंत गाडी चालवली त्यानं,
एकशेवीस किलोमीटर, रेडिओ बंद.
त्या बुचाबद्दल चकार शब्द नाही.
मी बोलेन म्हणून तो थांबला
की तो बोलेल म्हणून मी,
कोण जाणे.

ही घे तार.
सायकलच्या चाकाची आरी आहे, टोक मी घासलंय.
भोकात घाल.
तिथे गंज असतो, वाळूबरोबर दगड झालेला,
आतून दार ओढून बसलेला.
ढोस. घाबरू नकोस. फिरव.
आधी तपकिरी चिखल येईल,
मग

बूट सरकव, बूट!

हं.
एवढं होतं आत.
वाहू दे. घाई नाही.

बूच लावलंस की बादलीत ते गुलाबी ओत,
नळी बुडव, पुन्हा चालू कर,
मागून गुलाबी पडेपर्यंत.
मग कार्ब्युरेटरमध्ये तेल फवार.
खोकेल, पांढरा धूर काढेल, मरायला लागेल.
मरू दे. तेच हवंय.
पंपातला इंपेलर काढ,
आणि चिठ्ठी बांध स्टीअरिंगला, ठळक अक्षरात,
इंपेलर नाही.
वसंतात माणूस उतावळा असतो,
शरदात काय केलं ते आठवत नाही त्याला.

वर बघू नकोस एकदम.
तूरे आलाय. पायऱ्यांवर उभा आहे, कानटोपी हातात.
दरवर्षी ह्या दिवशी तो गावात जातो,
खिळे आणायला. एवढे खिळे कुणाला लागतात.
आज गेला नाही.
इंजिनाकडे बघत नाहीये तो,
त्या चिखलाकडे बघतोय.

काय म्हणाला? ऐकू आलं तुला?

"तार आणलीय ना?"

नाही, तू नको उत्तर देऊस, इल्मो.
तू बूच लाव.
ते मला विचारलंय.