चुना

पेलोतासच्या कत्तलखान्यातून पहाटे पाचला
बर्फाच्या डब्यात येतात
गाईंच्या हृदयांवरच्या पिशव्या.
वडील तिथंच सुरी चालवायचे, एकतीस वर्षं.
ही पिशवी ते कुत्र्यांना टाकायचे.
मी तीच दिव्याच्या काचेवर पसरते.
कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी ओली, आरपार.
चरबी खरवडते,
शीर दिसली की तेवढा भाग बाद.

जुनी रीत सोपी होती.
चामडं कमावतात तशी ती औषधात कमवायची:
सडणार नाही, फाटणार नाही.
मग कुणाच्या तरी छातीत ठिगळ म्हणून शिवायची.
पण शरीर परक्याला ओळखतं.
भांडत नाही, ओरडत नाही,
निमूट, वर्षानुवर्षं
चुना लावत बसतं.

गेल्या जुलैत डॉक्टर इरासेमा
पोर्तो आलेग्रेहून एक बाटली घेऊन आल्या.
आत आमचंच ठिगळ,
नऊ वर्षं काऊआन नावाच्या मुलाच्या हृदयात राहिलेलं.
चिमट्यानं टोकलं,
तर टक् वाजलं.
अंड्याचं कवच जणू.
"आणि मुलगा?"
"उठला दुसऱ्या ऑपरेशनमधून. फुटबॉल मागतोय."
त्या दिवशी मातेचं पाणी तापवताना
किटलीच्या तळाकडे मी बघितलं नाही.

तेव्हापासून आम्ही धुतोय.
साबणासारखं काहीतरी, मग क्षार, मग पाणी, पुन्हा साबण.
गाईच्या पेशी जायला हव्यात,
आणि ती एक साखर, जिच्यावरून
माणसाचं रक्त गाईला ओळखतं.
राहावेत ते फक्त धागे,
घर सोडून गेलेल्यांच्या मागे
कपड्यांच्या दोऱ्या राहतात तसे.
औषधाचे मोकळे उरलेले हात, चुना धरणारे,
तेही बांधून टाकायचे.

चौथ्या खेपेला जास्त धुतलं.
वाल्देसीरनं टाका ओढला
आणि ठिगळ उसवत गेलं, भिजल्या कागदागत.
तो काही बोलला नाही. वहीत आकडा लिहिला,
खाली दोन रेघा मारल्या.

सहाव्या खेपेचं ठिगळ सध्या एका मेंढीत आहे,
बाजेच्या वाटेवरच्या शेतावर.
रविवारी वडिलांना घेऊन गेले.
दक्षिणेचा गार वारा,
टाक्यांपाशी लोकर अजून आखूड.
मी तळवा ठेवला. आत धडधड,
बाकी काहीच कळत नाही.

"किती दिवस झाले?"
"एकशे त्रेचाळीस."
"मग कधी कापणार?"
"अजून सदतीस."

वडील वाकले,
तिच्या कानामागे खाजवलं,
सुरी हातात घ्यायच्या आधी
खाजवायचे तसंच.