कपाळी चांदवा

ओहायोहून पत्र आलंय, तीन पानी.
लिहिणारी बाई ग्रंथपाल होती, आता निवृत्त,
गुडघे बदललेत, विमान झेपणार नाही म्हणते.
तिला हवी आहे पणज्याची बहीण,
थर्झा लॉकवुड, जन्म अठराशे एकेचाळीस, शेतकऱ्याघरची,
मिशनबरोबर कोल्हापूरकडं निघाली
आणि घरच्या कागदांतून गळाली.
सोबत थर्झाच्या बापाचं मृत्युपत्र:
थोरल्याला शेत, धाकट्याला गिरणी,
मुलगी थर्झा हिला पिसांची गादी एक,
गाय एक, कपाळावर पांढरा ठिपका असलेली.

मी मोडी वाचतो, पानाला दीडशे रुपये.
लोक येतात ते वाटणीसाठी,
सातबाऱ्याच्या मागं काही निघतंय का बघायला.
एखाद्या बाईसाठी कुणी आलेलं आठवत नाही.

आठ दिवस रुमाल सोडत बसलो.
कारकुनानं ऐकू आलं तसं लिहिलेलं,
कुठं तिरजा, कुठं मडम, कुठं नुसतंच गोरी बाई.
बाप नाही, गाव नाही.
ओहायो मोडीत कसं वळवायचं, त्यालाही सुचलं नसावं.
दोन मुलं पटकीत गेली, एवढं सापडलं.
ते पहिल्या पत्रात कळवायचं नाही असं ठरवलं.

नवव्या दिवशी कोडोलीच्या बाजाराची पावती.
शके अठराशे एक, कार्तिक.
गाय एक, वेत दुसरे, कपाळी चांदवा,
घेणार तिरजा मडम,
देणार मयत भिवा चौगुला याची बायको.

त्या दिवशी बाजारात गाई काय कमी असतील?
तांबड्या, काळ्या, हिच्याहून दुधाला बऱ्या.
आणि हिनं बोट दाखवलं ते चांदव्याकडं.
मी चष्मा पुसला. काच स्वच्छच होती.

खाली थर्झाची सही, उजवीकडं झुकलेली.
शेजारी देणारीची निशाणी, बांगडी.
गड्याचा नांगर, बाईची बांगडी, असाच रिवाज.
हातात बांगडी न उरलेल्या बाईचीसुद्धा
बांगडीच.
शाईचं वाटोळं, टोकं न जुळलेलं.
कारकुनानं काढलं, की तिनंच?

मीही चौगुलाच.
पण कोडोलीकडं चौगुले उदंड,
त्यावरनं काही सिद्ध होत नाही.
आमच्याकडं हेळवी येतो, दोन-तीन वर्षांनी,
पायलीभर जोंधळे घेऊन बारा पिढ्या म्हणतो,
बापामागं बाप, बापामागं बाप.
एकदा आज्याची आई विचारली तर वही मिटली त्यानं.
"बायका वहीत नसत्यात मालक, घरात असत्यात."

गाय सापडली, असं पहिल्याच ओळीत लिहिलं.
फी लावली एका पानाची.
वाटोळ्याची नक्कल मात्र माझ्यासाठी काढली,
घडी न घालता छत्रीच्या आडोशानं घरी आणली.
मग पत्र पुन्हा उघडून तळाशी लिहिलं:
मृत्युपत्रात थर्झाची आई कुठंच दिसत नाही.
तुमच्याकडं तिचं नाव कुठं असेल तर कळवा.
सहज विचारतोय.