दोन भोकांची चादर

एकतीस तारखेला नव्या कॉलनीत हॅलोविनची पार्टी,
असा कागद एल्वियोच्या वहीतून घडी होऊन आला.
भोपळा, वटवाघूळ, खाली वेळ: सात ते नऊ.
आदेलिनो तो दिव्याखाली धरून वाचतो,
जणू विजेचं बिल जास्त आलंय.
"आपल्यात नाही हे," म्हणतो.
आणि जरा वेळाने, "फादर रविवारी काय म्हणाले, ऐकलंस ना?"
मी तेव्हा धाकटीला बाहेर नेत होते,
अर्धंच ऐकलं.

हळदोण्यात मी सून होऊन आले सावंतवाडीहून.
माझे पपा मयताच्या पेट्या करायचे,
आंब्याच्या फळ्या, आतून पांढरं सॅटिन.
शाळा सुटली की मी अर्ध्या झालेल्या पेटीत बसून
पाढे पाठ करायचे,
रंध्याच्या कुरळ्या साली केसांत.
एकदा तिथेच झोप लागली.
पपांनी हलवून उठवलं: ऊठ गो,
माणूस खोळंबलाय.

आदेलिनोला हे माहीत आहे,
म्हणून माझ्यापुढे तो जपून बोलतो.
"भुताखेतांचा खेळ नको मुलांना."
मग बारा दिवसांमागे खानोलकरांच्या नरकासुराच्या पोटात
पेंढा कोणी भरला?
तुझ्याच पोराने.
जीभ तुझ्या जुन्या लाल शर्टाची होती,
आणि पहाटे तो जळताना बघायला
तूच त्याला खांद्यावर घेतलंस.
"ते वेगळं. तो आपल्या गावचा."
असुर गावचा, भोपळा परगावचा!
त्याला हसू येतं, पण तो हसत नाही.
म्हणतो, "आणि त्याने विचारलं, आजोबांचं पण भूत झालं का,
तर काय सांगशील?"

ह्यावर मात्र माझ्याकडे काही नव्हतं.
पेटीचं माप मला कळतं,
पुढचं पपांनाही कधी कोणी विचारलं नाही.

आम्ही ठरवेपर्यंत
एल्वियोने कपाट उघडून कात्री चालवली होती.
एक भोक मोठं, एक लहान, दोन्ही तिरपी.
चादर सासऱ्यांची.
कडेला सासूबाईंच्या हातचा क्रोशा.
जूनमध्ये, सांजांवच्या आठवड्यात,
ते हिच्यावरच गेले.
धुऊन, नीळ देऊन मीच ठेवली होती सर्वांत खाली.

आदेलिनोने ती हातात घेतली.
मला वाटलं, आता आवाज चढणार.
तो लहान भोकातून बोट घालून
ते हलवत राहिला,
खूप वेळ.

एकतीसला महिन्यातला शेवटचा तेर्स.
आल्ताराला पिवळी शेवंती, मेणबत्त्या,
आम्ही सात जण गुडघ्यांवर,
त्यातलं एक भूत.
सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं,
क्रोशा ओळखला,
बोटांत मणी थांबला
आणि मग पुढचा नमन मारिये सुरू झाला.
तोंडापाशी कापड आत जायचं, बाहेर यायचं.
आमेन सगळ्यांत मोठ्याने भुताचंच.

साडेसातला आदेलिनोने स्कूटरची किल्ली घेतली.
"कॉलनीच्या फाटकापर्यंत सोडतो," म्हणाला,
"मी आत नाही येणार."
मागे बसलेल्या पोराची चादर चाकात जाऊ नये
म्हणून त्याने ती स्वतःच्या कमरेला गाठ मारून बांधली.
बाल्कांववरून मला दिसत होतं,
शेताच्या कडेने दोघं एकाच कापडात गेले.

उद्या मृतांचा दिवस. सिमितेरीत जायचंय,
दगडावरचं जुनं मेण खरवडायचं, नवी फुलं ठेवायची.
आदेलिनो म्हणतो, पुसायला ती चादर घे, आता कशाच्या कामाची?
घेतली नाही.
तीनदा घडी घालून पाहिली,
भोकावर भोक येत नाही.